नैरोबीत मुलांसाठी काम करणारी विश्वासू मिशन संस्था सुचवा

वसईची_लेक
नवऱ्याच्या नोकरीमुळे जानेवारीपासून नैरोबीत आहोत. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या दारात कुणी ना कुणी अनाथाश्रमाचं पत्रक हातात ठेवतंच. महिन्याला पाच-सहा हजार शिलिंग बाजूला काढता येतील, शनिवारही मोकळा असतो. कुठे द्यावं? फसायचं नाहीये.

मटाटूवाला
ताई, मी इथे 14 वर्षं आहे. पहिल्या वर्षी आम्ही चौघं मित्र दर शनिवारी एका आश्रमात जायचो. बिस्किटं, फुगे, फोटो. एक पोरगा तर हात सोडायचाच नाही. पुढे कळलं की त्याची आई दोन गल्ल्या पलीकडे सुकुमा (इथली पालेभाजी) विकते. पाहुणे येतात, पैसे ठेवून जातात, म्हणून पोरं गोळा केलेली! तेव्हापासून शनिवारची वारी बंद. सरकारनेही नोव्हेंबर 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, ती उगाच नाही.

माझं मत न्युम्बानी या संस्थेला. फादर अँजेलो डी'अगोस्टिनो या येशूसंघीय (जेझुइट) डॉक्टरांनी 1992 मध्ये, एचआयव्ही झालेल्या टाकून दिलेल्या बाळांसाठी सुरू केलं. पण मला आवडतं ते त्यांचं लेआ टोटो: मूल कांगेमी, किबेरा अशा नैरोबीतल्या गरीब वस्त्यांत आपल्याच घरी राहतं आणि उपचार, आहार, समुपदेशन वस्तीतल्या केंद्रातून मिळतं. किटुईला त्यांचं गाव आहे. पोटची लेकरं एड्सने गेलेल्या आज्या तिथे नातवंडं वाढवतात, सोबत दुसऱ्यांची अनाथ मुलंही. एकेका आजीकडे आठ-दहा!

शंकासूर
आणि धर्मांतर?

मटाटूवाला
अहो, 2019 च्या जनगणनेत इथले 85 टक्के लोक ख्रिस्तीच आहेत. आपल्याकडचा वाद इथे आणून काय करायचं? इथे विचारायचं ते हे, की हिशेब कोण तपासतं आणि मुलाला घरी परत पाठवायचा प्रयत्न होतो का.

कंपालाकर
दरमहा ठरावीक रक्कम देऊन एका मुलाचा खर्च उचलायचा असेल तर कम्पॅशन ही ख्रिस्ती संस्था बघा. स्थानिक चर्चमधून काम चालतं, मूल घरीच राहतं. युगांडा, केनिया, भारत धरून सहा देशांतला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात अशी मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. (भारतातलं काम परदेशी निधीच्या परवानगीवरून 2017 मध्ये बंद पडलं.) फक्त 'माझं मूल' म्हणून भेटवस्तूंचा मारा करू नका, शेजारच्या पोरांची तोंडं बघवत नाहीत.

वसईची_लेक
प्राथमिक शाळा इथे मोफत आहे ना? मग पैसे लागतात कशाला?

मटाटूवाला
2003 पासून मोफत, कागदावर. गणवेश, बूट, दुपारचं जेवण कोण देणार? शोशो (इथे आजीला म्हणतात) धुणीभांडी करून तेवढंच जमवते.

वसईची_लेक
पटलं. पैसे लेआ टोटोला. पण शनिवारचं काय? मी वसईत पतपेढीत हिशेब बघायचे, मुलांशी खेळण्यापेक्षा तेच बरं जमतं.

मटाटूवाला
मग तसंच लिहून आधी ईमेल करा, हिशेबाला हात हवा आहे का विचारा. थेट जाऊन उभ्या राहू नका. कारेनला, त्यांच्या बालगृहात बोलावलं, तर लांगाटा रोडची गर्दी लक्षात ठेवून सातलाच निघा.