बेघर लोकांसाठी वस्तू गोळा करतेय, नेमकं काय मागू?

प्रश्न:
थंडीच्या आत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी वस्तू जमवायच्या आहेत. मागच्या वेळी नुसतं ‘कपडे द्या’ म्हटलं, तर पोती भरून आले आणि निम्मे फाटके निघाले. निवडण्यातच दोन रविवार गेले. या वेळी काय सांगू?

उत्तर:
मोजे मागा, आणि नवेच. पाय सतत ओले राहिले की कातडी मऊ पडते, जखमा होतात, मग चालणंही अवघड. अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड कुणी आपणहून आणत नाही, म्हणून यादीत सगळ्यात वर लिहा. साबण-शाम्पू छोटे घ्या. सगळा संसार पाठीवर वागवावा लागतो हो त्यांना.

उत्तर:
आधी त्यांनाच विचारा. मी ब्लँकेट घेऊन गेले, तर एक आजी म्हणाल्या, “पांघरूण आहे गं, पावसात ते झाकायला काहीतरी दे.” तेव्हापासून प्रत्येक पिशवीत प्लास्टिकचा मोठा कागद घालते. घरातली उरलेली औषधं मात्र अजिबात घेऊ नका.

प्रश्नकर्ती:
पावसाचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या संध्याकाळी वही घेऊन जाते, कुणाला काय हवंय ते लिहून आणते. चपलांचे मापही विचारते.