मदत हवी आहे: डँडेनाँगच्या अफगाण मुलींना रविवारच्या मॅचला न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या आग्नेय भागात (डँडेनाँग, हॅलम, नॅरी वॉरन, बेरिक) राहणाऱ्यांची मदत हवी आहे. दुसऱ्या शहरात असं काम केलेल्यांनीही जरूर लिहा.

इथल्या एका क्लबमध्ये मी मुलींच्या क्रिकेटला स्वयंसेवक म्हणून मदत करते. बहुतेक मुली हजारा (अफगाणिस्तानातला एक अल्पसंख्याक समाज) कुटुंबांतल्या. काही जणी ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर आल्या, काहींचं लहानपण पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात गेलं. परागंदा झालेल्या अफगाण महिला खेळाडू ३० जानेवारी २०२५ ला इथल्या जंक्शन ओव्हल मैदानावर एकत्र खेळल्या, तेव्हापासून 'आम्हालाही घ्या' म्हणणाऱ्या मुली वाढल्या आहेत.

सरावाला त्या हौसेने येतात, कारण मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडतं ते रविवार सकाळच्या बाहेरच्या मॅचला. वडील वीकेंडला शिफ्टवर, आईकडे लायसन्स नाही आणि रविवारी बस उशिरा सुरू होते. मी एकटीने गाडीत घालून नेऊ शकत नाही. क्लबचा नियम आहे की गाडीत दोन मोठी माणसं हवीत आणि दोघांकडेही 'वर्किंग विथ चिल्ड्रन' कार्ड (मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकारी तपासणी झाल्याचं कार्ड) हवं. नियम योग्यच आहे, मला त्यातून पळवाट नको आहे. मला माणसं हवी आहेत. आमची एक मुलगी डावखुरी फिरकी टाकते, सरावात मोठ्या मुलींनाही तिचा चेंडू कळत नाही. तिला अजून एकही बाहेरची मॅच मिळालेली नाही.

हे कार्ड स्वयंसेवकांना फुकट मिळतं आणि पाच वर्षं चालतं. क्रिकेट यायलाच हवं असं नाही. क्वेट्ट्यात राहिलेल्या आया उर्दू छान बोलतात, त्यामुळे आपल्या हिंदीत गप्पा होतात. म्हणून खास बायकांना विचारते आहे. आईशी दारात दहा मिनिटं बोलणारी बाई असेल तर परवानगीचा प्रश्न बराच सुटतो, हा माझा अनुभव.

आणखी दोन गोष्टींवर सल्ला हवा. एक, फोटो. क्लबला फेसबुकवर टीमचे फोटो टाकायचे आहेत, पण काही मुलींचे नातेवाईक अजून अफगाणिस्तानात आहेत. कमिटीला न दुखावता हे कसं सांगावं? दोन, रमजान. तो सध्या फेब्रुवारीच्या आसपास येतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आणि सीझनच्या शेवटी. रोजा धरलेल्या मुलीला उन्हात किती वेळ उभं करायचं?

स्कार्फचा प्रश्न मात्र सुटला. पिना न लावता डोक्यावरून ओढायचा पातळ स्पोर्ट्स स्कार्फ हेल्मेटखाली नीट बसतो आणि टोचत नाही.

प्रतिसाद (हॅलम)
मी आणि नवरा दोघेही येऊ. मुलाच्या फुटबॉलसाठी कार्डं आधीच काढली आहेत. एक सुचवते: दर रविवारी नवा ड्रायव्हर नको. ठरावीक घराला ठरावीक जोडी द्या. घरच्यांना चेहरा ओळखीचा झाला की मागची बहीणही यायला लागते.

प्रतिसाद (म्युनिक)
२०१५ नंतर जर्मनीतल्या क्रिकेट क्लबांत अफगाण मुलं खूप आली, आमच्याकडेही. फोटोबाबत आम्ही सगळ्यांसाठी एकच नियम केला: चेहरा दिसेल असा फोटो घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि तो कागद त्यांच्या भाषेत. नियम सगळ्यांनाच असला की कोणी वेगळं पडत नाही. बॅट, ग्लव्हज, स्कोअरबोर्डचे फोटो टाका. रोज्यात आमची मुलं संध्याकाळी नेट्स करायची, मॅचला आलटूनपालटून खेळायची. कोण रोजा धरतंय हे सगळ्यांसमोर विचारू नका.

मूळ लेखिका
दोघांचेही मनापासून आभार. हॅलमवाल्या ताई, व्यक्तिगत निरोप केला आहे. फोटोचा नियम या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मांडते. दरी (अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी) वाचता-लिहिता येणारं कोणी ओळखीचं आहे का? परवानगीचा कागद नीट लिहून घ्यायचा आहे. आणि बेरिकच्या बाजूला अजून एक जोडी हवीच आहे, तिकडच्या दोन घरांचं अजून काही जमलेलं नाही.