छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरने डीएनएससाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

जुळे सोलापूर
नमस्कार मंडळी. आमची १,४०० फायबर कनेक्शनं आहेत. ग्राहकांना आजवर वरच्या प्रोव्हायडरचाच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) देत आलो. गड्ड्याच्या यात्रेत एका संध्याकाळी तो दीड तास बंद पडला. ८.८.८.८ ला (गूगलच्या डीएनएसला) पिंग व्यवस्थित, पण एकही साइट उघडेना. "लाइन चालू आहे, नाव सापडत नाही" हे यंत्रमागवाल्या काकांना फोनवर कसं सांगायचं? आता स्वतःचा डीएनएस लावायचाच. बाइंड किंवा अनबाउंड हे सॉफ्टवेअर घ्यावं, की मिक्रोटिक राउटरमधलाच चालेल? आमच्या आयपींचा रिव्हर्स डीएनएसही (आयपीवरून नाव सांगणारा) सांभाळायचाय.

होटगी रोड
दादा, मिक्रोटिक नको. त्यात रिमोट रिक्वेस्ट चालू केली आणि बाहेरून येणारा पोर्ट ५३ (डीएनएसचे प्रश्न येतात तो) बंद करायचा राहिला, की तो जगाला उघडा. खोट्या सोर्स आयपीने छोटा प्रश्न येतो, मोठं उत्तर तुमच्या लाइनवरून भलत्याच कुणावर जाऊन आदळतं. आमचा अपलोड दोन दिवस भरून वाहत होता, तेव्हा कळलं.

ग्राहकांसाठी अनबाउंड लावा. तो मुळात स्वतःच्या मशीनशिवाय कुणालाच उत्तर देत नाही. म्हणून तुमच्या आयपी रेंज ॲक्सेस-कंट्रोलमध्ये लिहाव्या लागतात. सीजीनॅट (अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देणं) असेल तर १००.६४.०.०/१० विसरू नका. मिळालेली उत्तरं साठवणाऱ्या दोन कॅश असतात, मेसेजची (पूर्ण उत्तरांची) आणि आरआरसेटची (उत्तरातल्या नोंदींची); दोन्ही मुळात ४ एमबीच्या असतात, त्या वाढवा. आरआरसेटची मेसेजच्या दुप्पट ठेवा. सर्व्ह-एक्स्पायर्ड चालू करा, म्हणजे एखाद्या साइटचा डीएनएस पडला तरी जुनं उत्तर काही काळ देता येतं.

आणि घड्याळ सांभाळा, हे कळकळीने सांगतो. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, यूपीएसही संपला. लाइट आल्यावर मशीन सुरू झालं, पण बोर्डाचा सेल मेलेला, तारीख कित्येक वर्षं मागे. डीएनएसेक म्हणजे उत्तर खरं आहे का हे डिजिटल सहीवरून तपासणं; त्या सह्यांना सुरुवातीची नि शेवटची तारीख असते. रूटच्याच (सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या झोनच्या) सह्या चुकीच्या ठरल्या, मग एकही नाव मिळेना. एनटीपी सर्व्हर (नेटवरून घड्याळ लावून देणारा) मी नावाने दिला होता. घड्याळ लावायला नाव हवं, नाव मिळायला घड्याळ! तीन तास गेले. तेव्हापासून एनटीपीला एक पत्ता आयपीनेच देतो.

अक्कलकोट रोड
बाइंडही भक्कम आहे. मी वर्षानुवर्षं चालवतोय, रात्री दोनला झोपेतून उठून दुरुस्त करता येतो, माझ्या लेखी हे मोठं. पण ग्राहकांची उत्तरं आणि स्वतःचे झोन (आपल्या नावांच्या-आयपींच्या नोंदी) एकाच मशीनवर ठेवू नका. रिव्हर्ससाठी वेगळ्या मशीनवर बाइंड किंवा एनएसडी लावा. एनएसडी आणि अनबाउंड दोन्ही ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्जचे. पोर्ट ५३ टीसीपीवरही उघडा ठेवा, मोठी उत्तरं त्यावरून येतात.

जुळे सोलापूर
खूप आभार. ८ जीबीची दोन मशीनं आहेत, एक ऑफिसात, दुसरं विजापूर रोडच्या पॉपवर (आमच्या लाइनी जोडल्या जातात त्या ठिकाणी) ठेवतो. सेल उद्याच बदलतो. पीपीपीओई प्रोफाइलमध्ये (ग्राहकांच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये) पहिला डीएनएस आमचा आणि राखीव म्हणून ८.८.८.८ दिला तर?

होटगी रोड
दुसरा म्हणजे राखीव, असं सगळे फोन नि राउटर मानत नाहीत. काही दोघांनाही विचारतात. तुमचं एक मशीन बिघडलं तरी निम्म्यांचं चालत राहील आणि तुम्हाला पत्ताच लागणार नाही. दोन्ही पत्ते स्वतःचेच द्या. आधी वीसेक कनेक्शनांवर आठवडाभर चालवा, मग सगळ्यांना लावा.