एका वर्षाच्या जागेसाठी पहिल्या फेरीची निवड: टोरंटोचा मार्लो सौदा योग्य होता का?

मूळ मुद्दा

जून 2019 मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगमधील टोरंटो मेपल लीफ्स संघाने 39 वर्षांच्या पॅट्रिक मार्लो यांना कॅरोलिना हरिकेन्सकडे पाठवले. त्यांच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. परंतु त्या वर्षाचा साडेबासष्ट लाख डॉलरचा भार कॅरोलिनाने आपल्या वेतनमर्यादेत (खेळाडूंच्या पगारावर संघाला खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेत) घ्यावा, यासाठी टोरंटोने 2020 च्या ड्राफ्टमधील, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेतील, पहिल्या फेरीची निवडही देऊ केली. ती तेराव्या क्रमांकाची ठरली, कॅरोलिनाने तिच्यावर सेथ जार्विसला घेतले आणि 2023-24 च्या हंगामात त्याने 33 गोल केले. मर्यादेला टेकलेल्या संघाला सर्वाधिक गरज असते ती पहिल्या, कमी रकमेच्या करारावर खेळणाऱ्या तरुणांची. असा खेळाडू मिळवून देणारी निवडच जागा मोकळी करण्यासाठी खर्च करणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाणे होय.

प्रतिसाद 1

जार्विस पुढे काय करणार हे त्या दिवशी कोणालाही ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याच्या गोलांवरून सौद्याचा न्याय करणे मला पटत नाही. मार्लो यांनी 2017 मध्ये करार केला तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. अशा खेळाडूचा करार संघाने पैसे देऊन रद्द केला, तरी नियमाप्रमाणे त्याची रक्कम मर्यादेत मोजली जातच राहते. म्हणजे बाहेरचा संघ शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच उन्हाळ्यात टोरंटोचा तरुण खेळाडू मिच मार्नर याचा नवा करार व्हायचा होता, आणि तो वर्षाला सुमारे 1 कोटी 9 लाख डॉलरवर गेला. मार्नर हातचा जाऊ देण्यापेक्षा ही किंमत मोजणे शहाणपणाचे होते, असे मी आजही म्हणेन.

प्रतिसाद 2

अडचण होती हे मान्य, पण ती आली कोठून? टावारेस, मॅथ्यूज आणि मार्नर या टोरंटोच्या तीन प्रमुख खेळाडूंचेच करार मिळून वर्षाला 3 कोटी 35 लाख डॉलरवर गेले, आणि 2019-20 ची मर्यादा होती 8 कोटी 15 लाख. महामारीमुळे ती पुढची दोन वर्षे जागची हलली नाही, हे दुर्दैव खरे; तथापि मर्यादा वाढतच जाईल असे गृहीत धरणे हा संघाचाच निर्णय होता. शिकागोच्या संघानेही 2016 मध्ये ब्रायन बिकेलचा 40 लाखांचा करार कॅरोलिनाच्या गळ्यात घालताना तेउवो तेरावाइनेन हा गुणी तरुण गमावला होता, आणि 2018-19 मध्ये त्याने 76 गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) मिळवले. तो दाखला समोर असूनही टोरंटो त्याच दारात गेले.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

पस्तिशीच्या नियमाचा मुद्दा मी सोडायला नको होता, तो मान्य करतो. परंतु त्या नियमाची कल्पना करार करतानाच होती, आणि 38 व्या वर्षाकडे निघालेल्या खेळाडूला तिसरे वर्ष देण्याची चूक तेथेच झाली.