बंदुकीच्या राईडला नेलं म्हणून आम्ही वाईट आईबाप?

मांजराकाठची:
परवा इथंच औंढ्याच्या सरांनी लिहिलं, थीम पार्कातल्या बंदुकीच्या राईडला लेकरं नेणारे आईबाप पैसे मोजून हिंसा विकत घेतात. अंधारात गाडीत बसायचं, समोर चित्र आलं की बटण दाबायचं, डोकं लागत नाही की अंग हलत नाही, तेवढ्या पैशात वेरूळ दहा वेळा होतं. खाली पन्नासेक जणांनी "अगदी खरं" लिहिलं. त्यातले त्या गाडीत बसलेले किती, मला ठाऊक नाही. मी बसलेय, म्हणून सविस्तर लिहायलेय.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लातूरहून इमॅजिकाला गेलो. खोपोलीजवळ २०१३ पासून आहे, पण आपल्याकडून जायचं म्हणजे रात्रीची गाडी, पहाटे पुणे, मग पुढं एक्स्प्रेसवे. सोबत माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ७१. मोठ्या राईडला सासूबाई पाठीमुळं बसू शकत नव्हत्या. लेकरू उंचीच्या पट्टीपाशी टाचा उचलून उभं राहिलं तरी दोन बोटं कमीच भरलं. अर्धा दिवस आमच्यातलं कुणी ना कुणी पिशव्या धरून बाकावर. मग 'अलिबाबा और चालीस चोर' ही राईड लागली. तिथं लेझरच्या बंदुकीनं लक्ष्य टिपायचं असतं. पूर्ण दिवसात आम्ही तिघं एकत्र बसलो ते तिथंच.

आता मुद्द्याचं. सगळ्यांत जास्त गुण सासूबाईंना. लेकरू नुसतं दाबत सुटलं होतं, मीही तेच. सासूबाई शांत. बाहेर आल्यावर पोरानं विचारलं, आजी कसं केलं? त्या म्हणाल्या, "पाखराच्या मागं हात नेला की पाखरू गेलंच. हात आधी जाऊन थांबला पाहिजे, पाखरू आपण होऊन त्यात येतंय." लहानपणी त्या ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायच्या. पहाटे थंडीत, अनवाणी. हे मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत पोरगं रात्रभर गोफणीचंच विचारत होतं. खडा केवढा घ्यायचा, दोरी कुठलं बोट सोडतं, चिमण्या मरायच्या का. सर, यात हिंसा कुठं आली ते सांगा.

औंढ्याचे सर:
ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाचून मला माझी आई आठवली. पण तुम्ही घरची सहल सांगितली, माझं दुखणं शाळेच्या सहलीचं आहे. २६ वर्षं मी पोरं घेऊन जातोय. एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देतं, भाकरी पोरं घरून आणतात. वेरूळला ३४ लेणी. सोळाव्यासमोर, कैलासासमोर, मी पोरांना काहीच सांगत नाही, आधी बघू देतो. एका वर्षी सातवीतल्या पोरानं विचारलं, "सर, वरून खाली कोरलं म्हणता, मग एवढा दगड टाकला कुठं?" त्या प्रश्नासाठी मी मास्तर झालोय.

आता पालकसभेत पहिला आग्रह पार्कचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही मान तुकवली. वर्गातली एक मुलगी आली नाही. ताप आहे म्हणून निरोप आला. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सर, बंदुकीच्या खेळाला खरंच हातात बंदूक देतात का?" ताप नव्हता. तिच्या वडिलांकडं पैसे नव्हते. हे विसरून कुणी मला राईडचं कौतुक सांगू नये.

मांजराकाठची:
सर, त्या मुलीचं वाचून घशाशी आलं. पण तुम्ही "आईबाप" लिहिलं होतं, "शाळा" नाही. मी तुमची पोस्ट तीनदा वाचली.

वायरमन:
"बटण दाबायचं, डोकं लागत नाही" हे चूक आहे आणि चुकीचं पसरू नये. मी हेच काम करतो, सेन्सर-कंट्रोलचं. अशा बहुतेक राईडमध्ये बंदुकीतून अवरक्त किरण निघतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच. लक्ष्याच्या मधोमध तो पकडणारा सेन्सर असतो. प्रत्येक बंदुकीचा इशारा वेगळा असतो, म्हणून एकाच लक्ष्यावर चौघांनी मारलं तरी गुण कुणाच्या नावावर टाकायचे ते यंत्राला कळतं. डोळ्यांना दिसणारा लाल ठिपका तुमच्यासाठी, नेम कुठं जातोय ते कळावं म्हणून.

डोकं गुणांत लागतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९९८ साली अशी राईड सुरू झाली. तिथं गोल लक्ष्याला १०० गुण, चौकोनाला १,०००, शंकरपाळ्याच्या आकाराला ५,००० आणि त्रिकोणाला १०,००० असा हिशेब ठेवला होता. सरसकट झोडणारा शंभर-शंभरानं थकतो. ज्यानं आधी नजर फिरवून त्रिकोण शोधला, तो पुढं जातो. आजींनी हेच केलं असणार.

रस्त्यावरचा:
सेन्सर-बिन्सर ठीक आहे, पण सेन्सर चालू पाहिजे ना. राज्याबाहेरच्या एका पार्कात (नाव घेत नाही) माझ्या मुलीच्या बंदुकीचा लाल ठिपकाच येत नव्हता. राईड संपेपर्यंत तिचे गुण शून्य. शेजारी भाऊ हजारांनी मोजतोय. उतरल्यावर सांगितलं तर तिथला माणूस म्हणाला, परत रांगेत लागा. रांग पाऊण तासाची. सात वर्षांची पोर, रडून रडून झोपली. पैसे घेताना मोजून घेता, बंदूक मोजून का देत नाही?

आणि जत्रेतलेही काही वेगळे नाहीत. फुगे फोडायची बंदूक मुद्दाम वाकडी करून ठेवतात. नळीच वाकवतात. दहा छर्रे मारले, एक फुगा फुटला. सगळीकडं लुटच.

छर्रा:
दादा, तुमच्या मुलीचं वाईट वाटलं. पण "मुद्दाम वाकडी" हे मी ऐकून घेणार नाही. माझ्या वडिलांनी २२ वर्षं फुग्यांचं पाल ठोकलं. माळेगाव, तुळजापूर, परळी, लातूरचा सिद्धेश्वर, सगळ्या जत्रा. मी सहा वर्षांचा असल्यापासून फळीवर फुगे लावायचो.

आता ऐका बंदूक वाकडी का होते. ती एअरगन मधून मोडून भरायची असते. नळी खाली ओढायची, छर्रा घालायचा, परत वर बसवायची. जत्रेच्या एका रात्रीत हे हजार वेळा तरी होतं, आणि निम्मी माणसं नळी आपटून बंद करतात, सिनेमात बघून. त्यानं बिजागरी ढिली होते. बिजागरी ढिली झाली की नळी दर वेळी केसभर वेगळी बसते. माशी पुढं नळीवर, नेम धरायची खाच मागं. तिथला केसभर फरक फळीवर बोटभर होतो. वडील रोज सकाळी कंदिलाच्या काचेच्या पट्टीवर नेम तपासून स्क्रू आवळायचे, रात्रीपर्यंत पुन्हा ढिला. मुद्दाम वाकडी ठेवली असती तर आवळत कशाला बसले असते?

२०२० आणि २०२१ ला जत्राच भरल्या नाहीत. दोन्ही बंदुका तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत. वडील अधूनमधून काढून पुसायचे आणि ठेवायचे. तुम्ही एका ओळीत लुटारू करून टाकलं.

रस्त्यावरचा:
बिजागरीचं मान्य, मला माहीत नव्हतं. पण अर्धवट फुगवलेल्या फुग्यांचं काय? छर्रा लागून फुगा नुसता हलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेही बिजागरीमुळं का?

छर्रा:
ते खरं आहे. रात्री अकरानंतर वडील फुगे कमी फुगवायचे. ढिल्या फुग्याचं रबर ताणलेलं नसतं, छर्रा घसरून जातो. फुगे संपत आले की आणि दिवसभराची जागेची पावती निघायची असली की करायचे. मला तेव्हाही आवडत नव्हतं, आज लिहितानाही आवडत नाही. पण लेकरासमोर कधी केलं नाही. लेकरू असलं की वडील मला डोळ्यानं खुणवायचे आणि मी कडक फुग्यांची रांग दाखवायचो.

रस्त्यावरचा:
बरं. "सगळे" हा शब्द मागं घेतो. एवढाच.

बालाघाटी:
तुम्ही फुग्यांत अडकलात. मूळ विषय असा की नेम धरायची हौस इतकी आहे, तर मराठवाड्यातल्या पोरानं पुढं जायचं कुठं? पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, कोल्हापूर जिल्ह्यातला. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, दोघी कोल्हापूरच्या. आमच्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं आशियाई सुवर्ण आणलं, पण धावायला रस्ता पुरतो हो. १० मीटर एअर रायफलमध्ये मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला रेंज लागते, प्रशिक्षक लागतो, महागडी रायफल लागते. माझ्या भाच्याला नाद होता, दोन वर्षं पुण्याला खोली करून राहिला, पैसे संपले, परत आला. आता कापसाच्या गाडीवर हिशेब लिहितोय. अनुशेष म्हणजे नुसतं पाणी आणि रस्ते नव्हे.

मांजराकाठची:
दादा, भाच्याचं खरंच वाईट झालं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते तिथं. पण सरांचं उत्तर अजून राहिलंय.

औंढ्याचे सर:
उत्तर देतो, टाळत नाही. हो, मी "आईबाप" लिहिलं. रागात लिहिलं. तो शब्द मागं घेतो, पण हिंसेचा मुद्दा घेत नाही.

माझ्या आठवीतल्या चार पोरांच्या मोबाईलवर स्टेटसला पिस्तुलाचा फोटो आहे. एकाच्या फोटोत हातातलं खेळणं आहे, ते मी ओळखलं. दुसऱ्याचं मला ओळखता आलं नाही. मी रात्री त्याच्या घरी गेलो, वडील म्हणाले, "सर, पोरं असंच करतात." गावातला दादा म्हणवणारा माणूस कमरेला काहीतरी लावून फिरतो आणि पोरं त्याच्या मागं मागं. अशा वेळी हातात बंदूक देऊन "गंमत आहे" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही लातूर शहरात राहता, ताई. तुम्हाला हे दिसत नसेल.

मांजराकाठची:
सर, लातूरला दिसत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्या गल्लीत वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतात, रस्ता अडवून. मी पोरगं घेऊन त्या बाजूनं जातच नाही. तुम्ही मला आंधळी ठरवलंत, त्याचा राग आला.

पण त्या पोराला पिस्तुलाची भूल पडलीय ती दरारा बसतो म्हणून. गाडीतल्या त्या बंदुकीला कोण घाबरतं? ती तारेनं गाडीला बांधलेली, समोर पुठ्ठ्या-प्लॅस्टिकचे चोर, आणि शेजारी आजी जिंकायलीय. उलट मला वाटतं, नेम ही शांत राहायची गोष्ट आहे हे माझ्या पोराला तिथं कळलं. चिमण्या मरायच्या का, हे त्यानं तीनदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मारायच्या नसतात, उठवायच्या असतात. दाणा वाचला की झालं."

आणि तुमच्या त्या मुलीचं तुम्ही बरोबर सांगितलंत. शाळेनं पार्कला नेऊ नये, यात मी तुमच्या बाजूनं. ज्याला जमतं त्यानं घरच्यांबरोबर जावं. हे मी आधी लिहायला हवं होतं.

औंढ्याचे सर:
"उठवायच्या असतात." हे वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे, गोफण दाखवून. गोफण मिळाली तर. आमच्या गावात आता विणणारं कुणी उरलं नाही. राईडबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो. घरच्यांनी आजीला घेऊन जावं, इथपर्यंत आलोय.

वायरमन:
रस्त्यावरचे दादा, तुमच्या कामाचं एक सांगतो. गाडीत बसल्या बसल्या, राईड सुरू व्हायच्या आत, बंदूक समोरच्या भिंतीवर धरून चाप दाबायचा. ठिपका दिसला नाही तर तिथंच ओरडायचं. एकदा गाडी पुढं गेली की कुणी ऐकत नाही.

छर्रा:
मांजराकाठच्या ताई, आजीला माळेगावला आणा. डिसेंबर-जानेवारीत खंडोबाची यात्रा असते, घोडे-गाढवं-उंट बघायला लेकरूही खूश होईल. एसटीनं लोहा, तिथून माळेगाव जवळ. वडील आता थकलेत, पाल मी ठोकतो. बिजागरी नवी बसवलीय. आजीकडून पैसे घेणार नाही. फक्त त्यांना सांगा, बंदूक अनोळखी असली की पहिला छर्रा वाया घालवायचा. कुठं लागतो बघायचा, मग तेवढं सरकवून धरायचं.

मांजराकाठची:
आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एकानं कळत नाही. दोन वाया घालवायचे."

छर्रा:
वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, बाईला येतंय.