संकेतस्थळाचे नाव ब्रँड होण्याजोगे आहे की नाही, हे कसे ठरवावे?

प्रश्न : सत्तरीचा बागायतदार

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे आणि बिया भाजून सोलण्याचे छोटे युनिटही आहे. जोडीला कोकमाची सोले (वाळवलेल्या साली) आणि आगळ (खारवलेला दाट रस) करतो. आजवर माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि ओळखीच्या दुकानांत जात आला. आता मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवता यावा म्हणून संकेतस्थळ काढायचे आहे आणि गाडी डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नावापाशी अडली आहे. पहिले नाव ‘गोवा’ आणि ‘काजू’ हे शब्द जोडून होते, पण ते कोणीतरी आधीच घेऊन ठेवले आहे आणि बरीच मोठी रक्कम मागत आहे. दुसरे आमच्या गावाच्या नावाचे आहे. तिसरे म्हणजे आजीला घरात ज्या नावाने हाक मारत असत ते दोन अक्षरी नाव. बाहेरच्याला त्याचा अर्थ लागणार नाही, मात्र ते डॉट कॉम आणि डॉट इन या दोन्हींत मोकळे आहे. शोधात दुकान वर येईल म्हणून घरची मंडळी पहिल्या नावाच्या बाजूने आहेत. निवड कोणत्या कसोटीवर करावी?

उत्तर १ : अक्षरजुळारी

मोकळी नावे आपण येथे उघड केली नाहीत हे उत्तम केले, कारण नोंदणी होण्याआधी चर्चेत आलेले नाव दुसऱ्याच कोणी घेण्याचा धोका असतो.

माझ्या मते पहिली कसोटी कानाची आहे: नाव ऐकणाऱ्याला ते न विचारता टंकित करता आले पाहिजे. गोव्यात ही कसोटी इतर ठिकाणांपेक्षा कठीण ठरते, कारण आपल्या गावांची रोमन रूपे पोर्तुगीज वळणाची आहेत. साखळीच्या रोमन नावात ‘क्यू’ येतो आणि शेवटी न उच्चारला जाणारा ‘एम’ उभा असतो, केरीची सुरुवातच ‘क्यू’ने होते, काणकोण ‘सी’ने लिहिले जाते. पुण्याचा माणूस गावाचे नाव ऐकून ‘के’ लावणार आणि तिथे काहीच न सापडल्याने दुसऱ्याच दुकानात जाणार. आपले गाव या जातीचे असेल तर दुसरे नाव मी लगेच बाजूला ठेवीन. पहिल्या नावातही हा घोळ थोडा आहेच, कारण पोर्तुगीज वळणाने लिहिणारा काजूसुद्धा ‘सी’ने लिहितो. गोव्याबाहेरच्या परिचिताला तिन्ही नावे फोनवर फक्त उच्चारून सांगा, अक्षरे फोडून सांगू नका, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ती टंकित करून मागवा. काय आठवते आणि काय चुकते, हे त्यावरून कळेल.

नुसत्या लांबीवर जाऊ नये. ओव्हरस्टॉक या अमेरिकी कंपनीने 2011 साली ‘ओ डॉट को’ हे अतिशय आखूड नाव पुढे केले होते, परंतु लोक सवयीने शेवटी डॉट कॉम लावू लागले आणि कंपनीला मूळ नावाकडे परतावे लागले. ॲमेझॉनचे 1994 मधले पहिले नाव ‘कदाब्रा’ होते. ते फोनवर प्रेतासाठीच्या इंग्रजी शब्दासारखे ऐकू येत असल्याने बदलण्यात आले.

तिसरे नाव रोमन लिपीत जोडून लिहिल्यावर त्यातून भलताच शब्द तर तयार होत नाही ना, हेही पाहा. डोमेनमध्ये जागा सोडता येत नाही आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही राहत नाही.

उत्तर २ : मडगावकर

वरच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. अनोळखी गिऱ्हाईक प्रथम माल ओळखते आणि मग नाव. ‘गोवा’ हा शब्द दिसताच त्याला जे कळते ते आजीच्या नावातून कळवायला जाहिरातीवर खर्च करावा लागेल. गोव्याहून परतताना काजूची पाकिटे नेणारा पर्यटक हेच आपले गिऱ्हाईक असते, तर मी पहिल्या नावासाठी घासाघीस केली असती. मात्र घरच्यांचा शोधाविषयीचा तर्क आता फारसा टिकत नाही: शोधशब्द जसाच्या तसा नावात घातलेल्या निकस दर्जाच्या संकेतस्थळांना मिळणारा फायदा गूगलने 2012 सालीच कमी केला. शिवाय आपण सोले आणि आगळही विकता, आणि काजू नावात बसला की तो माल पाहुण्यासारखा दिसू लागतो.

उत्तर ३ : कायद्याचा विद्यार्थी

‘हे नाव माझेच’ असे उद्या म्हणता येईल का, हा प्रश्न दोन्ही उत्तरांत राहून गेला आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 9 नुसार केवळ मालाचा प्रकार किंवा त्याचे भौगोलिक मूळ सांगणारे चिन्ह सहसा नोंदवता येत नाही. दीर्घ वापराने त्याला वेगळी ओळख मिळाली असेल तर गोष्ट निराळी. त्यातच गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल विशिष्ट प्रदेशाचा असल्याची कायदेशीर ओळख, मिळाले आहे. मानांकन सर्व पात्र उत्पादकांचे असते. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करावी, पण तेच शब्द एकट्याचा ब्रँड होऊ शकत नाहीत. म्हणजे मोठी रक्कम मोजून पत्ता मिळेल, नावावरचा हक्क मिळणार नाही. ‘सिफी’ हे नाव वापरणाऱ्या सत्यम इन्फोवे कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले, परंतु ‘सिफी’ हा घडवलेला शब्द होता. आजीचे नाव त्याच्या जवळ जाते. व्यापारचिन्ह नोंदवहीत, विशेषतः सुकामेवा ज्यात येतो त्या 29 व्या वर्गात, ते शोधून मगच पुढे जा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. तिसऱ्या नावाखाली ‘सत्तरीचे काजू, सोले, आगळ’ अशी ओळ लिहिली तर मडगावकरांची शंका बरीचशी फिटावी. डॉट भारतमधले देवनागरी रूपही घ्यावे का?

उत्तर ४ : अक्षरजुळारी

परवडत असेल तर घ्या. देवनागरीतले डॉट भारत 2014 पासून मिळते, आणि आजीचे नाव तिथे उच्चाराप्रमाणे लिहिता येईल. तरीही मुख्य पत्ता तो करू नये, कारण काही ठिकाणी असा दुवा चिकटवला की रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते आणि काही अर्जांत त्यावरचा ईमेल पत्ता स्वीकारला जात नाही. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घ्या व एक दुसऱ्याकडे वळवा. नोंदणी करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहा, आणि संकेतस्थळ कोणीही बनवून दिले तरी डोमेनचे खाते आपल्या स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ईमेलवर ठेवा.