रक्ततपासणीला वजनाची अट कशाला? (सोसायटी ग्रुप)

मीनल, बी-४०३: नोटीस आत्ता वाचली. शिबिरात रक्ततपासणी फक्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या वर असणाऱ्यांची? कुणी ठरवलं हे? आमच्या ह्यांचा २१.८ आहे. गेल्या महिन्यातला रिपोर्ट: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. तिन्ही बिघडलेले. तुमच्या नोटिशीप्रमाणे त्यांना दारातूनच परत पाठवणार.

सेक्रेटरी: नमस्कार मीनलताई. निर्णय मीटिंगमध्ये झाला आहे. किट मोजकेच आहेत. मीटिंगला येत जावे ही विनंती.

मीनल, बी-४०३: आले होते. सगळा वेळ पार्किंगवर गेला, हा विषय निघालाच नाही.

सुहास, ए-१०२: पार्किंगचं नाव निघालंच आहे तर सांगतो, माझ्या जागेवरची पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

जोशीकाका: अगं मीनल, तुझा नवरा जिने धावत चढतो. त्याला कसली तपासणी? मला घाला यादीत, मी एकटा दोघांचं वजन भरून काढतो!

मीनल, बी-४०३: काका, सगळे हेच म्हणतात, म्हणून ते तपासणी टाळत राहिले. एकूण कोलेस्टेरॉल १७८ बघून खूश झाले होते. खालच्या ओळी मी वाचल्या.

डॉ. अश्विनी, सी-२०१: मीनलचं बरोबर आहे. थोडं लांबेल, पण वाचा. चरबी किती आहे आणि कुठे आहे, हे काट्यावर कळत नाही. कातडीखाली, मांड्यांवर साठलेली चरबी त्यामानाने कमी त्रासाची. पण तिथली जागा काहींची लवकर भरते. मग चरबी पोटाच्या आत, यकृतात, स्नायूंत शिरते. तिथे इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त सोडतं, एचडीएल उतरतं. हे सगळं बऱ्याचदा साखर वाढायच्या आधीच सुरू झालेलं असतं. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन या दोन संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२.

सुहास, ए-१०२: दुपटीहून जास्त!

सेक्रेटरी: निर्णय मीटिंगमध्ये झाला आहे. किट मोजकेच आहेत.

वैशाली, ए-३०४: माझं वजन ८२, रिपोर्ट सगळे चांगले. तरी लिफ्टमध्ये भेटेल तो मला सल्ला देतो. आता बारीक लोकांनाही मिळू देत थोडे.

डॉ. अश्विनी, सी-२०१: वैशाली, सल्ले देणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. तुझे आकडे खरंच चांगले आहेत. फक्त दर वर्षी बघत राहा, वजन जास्त असताना ते पुढे बिघडल्याचं बऱ्याच जणांत दिसतं.

निखिल, सी-५०२: लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन या हार्मोन्सची तपासणीपण करायची का? चरबीच्या पेशीच बनवतात ना ते?

डॉ. अश्विनी, सी-२०१: हो. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन उलट घटतं. अभ्यासाला उपयोगी, पण शिबिरात त्यावरून कुणाचे उपचार बदलणार नाहीत. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी (यकृताची तपासणी) एवढं पुरे. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल पुरुषांचं ४० च्या आणि बायकांचं ५० च्या वर हवं. आणि टेपने कंबर मोजा. दक्षिण आशियाई पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही मर्यादा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी सांगा, एचबीए१सी फसवू शकतं.

सेक्रेटरी: पुन्हा सांगतो, निर्णय मीटिंगमध्ये झाला आहे. किट मोजकेच आहेत.

मीनल, बी-४०३: साहेब, तिसऱ्यांदा तेच. किट वाढवा कोण म्हणतंय? वजनाची अट काढा. वय, कंबर आणि घरात कुणाला मधुमेह आहे का, यावरून क्रम लावा. किट तेवढेच लागतील.

सेक्रेटरी: कमिटीला विचारावं लागेल. आणि ग्रुपवर आवाज चढवणं शोभत नाही, एवढंच नम्रपणे सांगतो.

चेअरमन: विचारायचं काही नाही, अट काढली. डॉक्टर, क्रम तुम्ही लावून द्या. सुहासराव, ती गाडी माझ्या भाच्याची. रात्री हलवतो.

सुहास, ए-१०२: भाच्याची?? आणि मी वॉचमनला ओरडतोय!

मीनल, बी-४०३: धन्यवाद. आमचं नाव लिहून घ्या.

जोशीकाका: माझंही. उपाशी किती तास राहायचं?

डॉ. अश्विनी, सी-२०१: १० ते १२ तास, काका. पाणी चालेल.